पायाळू मासा

वेडेवाकडे दात सरळ करणं हा डॉक्टरांचा धंदा, आणि धंद्याची खोड माणसाला कुठेच सोडत नाही. दुसऱ्याच्या घरातली तसबीर तिरकी दिसली तरी त्यांचे हात शिवशिवायचे. नेमका अशाच माणसाच्या दवाखान्यात एक मासा उलटा पोहत होता.

बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. पाणी निळं, दिवे निळे, त्यामुळे दुपारी तिथे बसलेले पेशंटही हळूहळू तरंगायला लागायचे आणि दाढ ठणकत असूनही डुलक्या काढायचे. टाकीत छज्ज्यासारखा पुढे आलेला एक खडक होता. त्याच्याखाली अर्धा जांभळा, अर्धा पिवळा असा तो बोटभर मासा पोट वर करून निवांत फिरायचा.

डॉक्टरांनी मात्र धसका घेतला. पाणी तपासलं, औषध घातलं, तरी मासा उलटाच. शेवटी त्याला नीट बघता यावं म्हणून त्यांनी खडकच काढला, आणि मासा झटक्यात सरळ झाला. ही हकिगत त्यांनी खुर्चीतल्या पेशंटला रंगवून सांगितली. बिचाऱ्याच्या तोंडात हत्यारं होती, तो काय बोलणार!

घरी आईचंही उलटंच चाललं होतं. वडील गेल्यावर डॉक्टरांनी तिचा पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला, म्हणजे दोन्ही बाजूंनी उठायला सोपं. तेव्हापासून ती उशाकडे पाय करून निजायची, नाहीतर आडवी. कधी सरळ खाली उतरून फरशीवर भिंतीला चिकटून पडायची. विचारलं तर म्हणायची, "मी वाहून जाते रे." आईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, असं डॉक्टरांनी मनाशी धरलं आणि काळजावर दगड ठेवून एका वृद्धाश्रमात जागा बघितली. सोमवारी न्यायचं ठरलं. तिला सांगायला मात्र जीभ रेटेना.

इकडे सरळ झालेला मासा खाईना. रंग उडाला आणि तो कोपऱ्यात काचेला लागून थरथरत राहिला. ज्या बाईंच्या दुकानातून तो आणला होता त्या येऊन बघून गेल्या. आजारी मासा गटांगळ्या खातो, वर येऊन धापा टाकतो, याचा तोल तर शाबूत आहे, असं हसत हसत म्हणत त्यांनी टाकीतल्या खडकाची चौकशी केली. खडक काढल्याचं ऐकून त्या हसायच्याच थांबल्या.

"डॉक्टर, तो उलटा कधी नव्हताच. ही जात जवळच्या खडकाला पोट लावून पोहते. खडक डोक्यावर असला तर तीच त्याची जमीन. तुम्ही त्याची जमीन काढून घेतलीत."

खडक परत ठेवला. मासा एक फेरी मारून त्याच्याखाली शिरला आणि अलगद उलटला, जशी कुणी झोपेत कूस बदलावी. डॉक्टर काचेपुढे उभेच राहिले. निळ्या पाण्याकडे बघता बघता त्यांच्या कानात एकच वाक्य घुमायला लागलं, मी वाहून जाते रे. उरलेल्या पेशंटना दुसऱ्या दिवशी यायला सांगून ते घरी निघाले.

आई फरशीवर, भिंतीला पाठ लावून पडली होती. डॉक्टरांनी पलंग करकरत ढकलला आणि भिंतीला भिडवला. आई उठली, पलंगावर चढली, सरकत सरकत भिंतीपाशी गेली आणि मागे हात नेऊन भिंत चाचपली. मग उशीवर डोकं ठेवून सरळ झाली. सगळा संसार ती भिंतीकडे निजली होती आणि वडील बाहेरच्या कडेला. डॉक्टरांना हे लहानपणापासून माहीत होतं, आणि पलंग ओढताना आठवलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते कडेला बसले आणि त्यांनी माशाचं सगळं सांगितलं. सोमवारचंही सांगून टाकलं.

 आई डोळे मिटूनच म्हणाली, "तू पायाळू आहेस, ठाऊक आहे ना? आधी पाय बाहेर आले, मग डोकं. तुला कुणी परत आत ढकलून सरळ केलं नाही."

डॉक्टरांना हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. आईचा डोळा लागेपर्यंत ते हलले नाहीत. मग तिथूनच दबक्या आवाजात त्यांनी वृद्धाश्रमात फोन केला आणि सोमवारी येत नसल्याचं सांगितलं.