आवाज न करणारा डबा

रेकॉर्डिंग साठवायचं यंत्र आवाज करणारं नको, एवढीच दौलतरावांची अट होती. सिकंदराबादजवळ तारनाक्याच्या त्या लहान घरात ते हॉलमध्येच झोपायचे, आणि रेल्वेत पस्तीस वर्षं काढल्यावर त्यांना खडखड सहन होत नव्हती. म्हणून त्यांच्या मुलीने, सुमेधाने, महिनाभर शोधाशोध करून पंखाच नसलेला एक छोटा सर्व्हर घेतला. जेवणाच्या डब्याएवढा. एका बल्बइतकी वीज खायचा, लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर चालायचा. आत दोन डिस्क होत्या. एकीवर जे जाईल ते आपोआप दुसरीवरही जायचं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी आहेच.

त्यात दौलतरावांची सहा वर्षं होती. मराठवाड्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी सिकंदराबादला आलेल्या बौद्ध घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी घरोघर जाऊन बोलतं केलं होतं. सत्तावन्न जण. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, सर्व्हरवर टाकायचं, मोबाईल मोकळा करायचा.

ऑगस्टमध्ये हिम्मतराव गेले. त्या सत्तावन्नांतलेच, रेल्वेचे रूळ सांभाळणारे जुने गँगमन. आठवड्याने त्यांच्या मुलाचा, हर्षदचा सुमेधाला फोन आला. "ताई, उद्या बाबांसाठी पुण्यानुमोदन आहे, सगळे जमणार आहेत. बाबांचा आवाज लावायचाय. दहा मिनिटं पुरे."

"हौ, आत्ता पाठवते."

तिने लॅपटॉप उघडला. फोल्डर उघडेना. तिने सर्व्हर बंद करून चालू केला, तरी उघडेना.

"अगं, डब्यावरचा दिवा तर लागलाय," दौलतराव म्हणाले.

दिवा लागलाच होता. तिने सर्व्हरच्या नोंदींचं पान उघडलं. पहिली डिस्क बंद, तीन मार्च. दुसरी डिस्क बंद, आज सकाळी सहा वाजता. तिने ते तीनदा वाचलं. खाली एकाखाली एक ओळी होत्या: इशारा पाठवला. इशारा पाठवला. मार्चपासून रोज एक. पुढे पत्ता होता तिच्या जुन्या ऑफिसच्या मेलचा. ती नोकरी तिने फेब्रुवारीतच सोडली होती.

"पप्पा, हे रोज सांगत होतं," ती म्हणाली. तिने त्या ओळींकडे बोट दाखवलं. "पाच महिने. मीच नव्हते तिथं."

"हिम्मतरावांचं गेलं?"

"सगळंच दिसत नाहीये."

दौलतराव उठले, दाराशी जाऊन चपला घातल्या, मग पुन्हा काढून ठेवल्या आणि तिथंच उभे राहिले.

हर्षदला सांगायचा धीर करायला तिला तासभर लागला. तो मग म्हणाला, "ताई, माझ्या फोनमध्येपण होतं. तुमच्याकडे आहे म्हणून मी काढून टाकलं."

सिकंदराबादच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क पाहताच विचारलं, "दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतल्या का?" तिने होकारार्थी मान हलवली. "एकाच लॉटचा माल, मॅडम. एक गेली की दुसरीचा पण भरवसा नाही." तीन आठवड्यांनी त्याने एकोणीस मुलाखती काढून दिल्या. हिम्मतराव त्यांत नव्हते.

उरलेल्या अडतीसपैकी बावीस माणसं अजून हयात होती. दौलतरावांनी यादी केली आणि सगळ्यांत आधी गल्लीतल्याच सुशीलाबाईंकडे गेले. सुमेधा मोबाईल धरून शेजारी बसली.

"काकू, तेच पुन्हा सांगा. लग्न होऊन तुम्ही काकांबरोबर इकडं आलात, ते."

सुशीलाबाईंनी पदर सारखा केला. "तसं न्हाई झालं, दौलत."

"म्हणजे? मागं तुम्हीच सांगितलं होतं."

"तवा ते शेजारी बसले होते." काका दोन वर्षांपूर्वी वारले होते. "मी एकटी आले. चौदा वर्साची होते. बापानं पन्नाशीच्या माणसाशी लगीन ठरवलं होतं. हळद लागायच्या आदल्या दिवशी परभणीला गाडीत बसले. तिकीट न्हाई, काई न्हाई. हे मला इथं भेटले, वर्सानं. यांना सगळं ठाव होतं. पर कुणाला सांगू नको म्हणायचे. लोक नावं ठेवतील म्हणून."

दौलतरावांच्या हातात प्रश्नांचा कागद होता. त्यांनी त्याकडे पाहिलं, सुशीलाबाईंकडे पाहिलं. मग कागदाची घडी घातली.

"तुमच्या पोरांना माहीत आहे, आजी?" शेवटी सुमेधानेच विचारलं.

"न्हाई. आज पहिल्यांदा बोलले." मग त्या दौलतरावांकडे वळल्या. "असा का बघतोस? पुढचं विचार की."

त्या दीड तास बोलल्या. निघताना सुमेधाने विचारलं, हे ठेवू का पुसू? "ठिव," त्या म्हणाल्या. "पर पोरांना मी सांगंन, मग तुमी ऐकवा."

घरी येऊन तिने ते रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवलं. एक प्रत शहराच्या दुसऱ्या भागात, दिलसुखनगरला आत्याकडे नेऊन दिली. प्रत्येक प्रत लावून, ऐकून मगच मोबाईलमधली पुसली. दौलतराव प्रश्नांचा कागद घेऊन बसले होते. "चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी राहिलो गं मी," असं ते दोनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हणता म्हणता थांबले.