सगुणाबाईंचा नंबर

वनिताने ऊस दुमडून चरकात सारला आणि तेवढ्यात कमरेला खोचलेला मोबाईल थरथरला. हात रसाने चिकट झाले होते. ते पदराला पुसेपर्यंत धनाजीने आपणहून यंत्र बंद केलं. सारोळ्याला हमरस्त्यावर भर उन्हात रसवंती थांबवायची म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या टपरीला आंदण द्यायचं, पण महिन्यातून एकदा धनाजी हे मुकाट्याने करायचा. बोलण्यात तो अगदीच मागे, आणि असल्या गोष्टींत पुढे.

मोबाईलवर ओटीपीचे आकडे आले होते. पाठोपाठ भोरच्या दवाखान्यातून शेफालीचा फोन.

"वनिताताई, सांगा आकडे."

वनिताने ते सावकाश, एकेक करून सांगितले. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "बऱ्या हाईत न्हवं?"

"बऱ्या आहेत. थांबा हं, आज मॅडमना बोलायचंय."

फोन आतल्या खोलीत गेल्यासारखा वाटला. डॉक्टर प्रेरणा लाइनवर आल्या.

"वनिताताई, सगुणाबाईंच्या आभा खात्याला अजून तुमचाच नंबर आहे. त्यांना पुतण्याने मोबाईल दिलाय, असं मंगलताईंकडून कळलं. पुढच्या खेपेला त्यांचा स्वतःचा नंबर जोडून टाकते. तुमच्या नंबरवर शेवटचे एकदा आकडे येतील, तेवढे द्या. मग सुटलात तुम्ही."

"बरं," वनिता म्हणाली.

तिने यंत्र सुरू करायची खूण केली, पण धनाजीने लगेच सुरू केलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत तो फडक्याने पेले पुसत राहिला.

वनिता एके काळी हिर्डोशीकडच्या एका वाडीची आशाताई होती. तापाच्या गोळ्या, बाळंतिणीची वजनं, पोरांच्या लसी, सगळं तिच्याकडे. सरकारने ठरवलं की प्रत्येक माणसाचं आजारपण कॉम्प्युटरमध्ये एका जागी, त्याच्या आभा खात्यात, राहिलं पाहिजे, डॉक्टरांनी औषधं तिथेच लिहिली पाहिजेत, आणि जो दवाखाना हे नीट करेल त्याला वर प्रोत्साहन. बेत चांगलाच होता. फक्त प्रत्येक खात्याला एक मोबाईल नंबर लागायचा, दर खेपेला त्यावर येणारे आकडे दवाखान्याला सांगितल्याशिवाय खातं उघडायचं नाही, आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे मोबाईल कुठला? रेंजच मुळी एका आंब्याखाली यायची. मग वनिताने त्या आंब्याखाली म्हाताऱ्यांची रांग लावली आणि ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्या सगळ्यांना आपला नंबर देऊन टाकला. सरकारदरबारी बघायचं तर निम्मी वाडी एका चुलीवर जेवत होती.

त्याचा त्रास व्हायचा तो व्हायचाच. भाताची लावणी चाललेली असायची आणि चिखलात उभं राहून कुणाचे तरी आकडे सांगावे लागायचे. जगन, तिचा पहिला नवरा, बांधावरून ओरडायचा, "कोन आजारी पडलं गं आता?" त्याच्या आईला, सगुणाबाईंना, या सगळ्याचा भारी अभिमान. "आमच्या सुनंला इचारल्याबिगर भोरचा डाक्टर सुई टोचत न्हाई," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

मग जगन काविळीने गेला. वर्ष सरल्यावर वनिताचा भाऊ मानसिंग सारोळ्याच्या धनाजीचं स्थळ घेऊन आला, आणि तिने मान हलवली. ती निघाली त्या दिवशी सगुणाबाई माजघरात नाचणी निवडत बसल्या होत्या. "आत्याबाई, निघते," असं ती उंबऱ्यातून म्हणाली. तिकडे सगळ्याच सुना सासूला आत्याबाई म्हणतात. सगुणाबाईंनी सुपावरची नजर उचलली नाही. वनिता काय समजायचं ते समजली. त्यानंतर ना निरोप, ना फोन.

राहिले होते ते आकडे. सारोळ्याला आल्यावर सुरुवातीला ते सारखे यायचे. धोंडाबाई डोळे तपासायला गेली की वनिताला कळायचं, चिमाजीबाबांचा खोकला वाढला की कळायचं. रसाचे पेले विसळताना तिच्यासमोर देवघर धरणाचं पाणी उभं राहायचं, कारवीतून उतरणारी पायवाट, ओल्या शेणाचा आणि भाताच्या पेंढ्याचा तो वास. इथे सगळं सपाट, सगळं घाईचं. मग वाडीजवळ टॉवर आला, मोबाईल आले, आणि तिच्या जागी आशाताई झालेल्या मंगलने एकेकाचा नंबर बदलून घेतला. दर वेळी वनिता शेवटचे आकडे सांगायची आणि एक माणूस तिच्या मोबाईलमधून कायमचं उतरून जायचं. आता सगुणाबाई तेवढ्या उरल्या होत्या. ज्या बाईने मान वर न करता तिला जाऊ दिलं, तीच. पण महिन्याच्या महिन्याला ती बाई एसटीत चढली, भोरला पोहोचली, जिवंत आहे, एवढं तरी वनिताला कळत होतं. त्यावर तिला शांत झोप लागायची.

पुढच्या महिन्यात, शिमगा आठवड्यावर आला असताना, सगुणाबाईंच्या दवाखान्याच्या दिवशी सकाळी वनिताने धनाजीला सांगितलं, "आज आकडे फोनवर देत न्हाई. जाऊन देते."

"जा की," तो म्हणाला. "त्या बोलतील का पन?"

"न्हाई बोलल्या तर न्हाई. बघून येते नुसतं."

कापूरहोळला गाडी बदलून ती भोरला उतरली. दवाखान्यात सगुणाबाई आधीच आलेल्या होत्या. भिंतीकडेची बाकं रिकामी होती, तरी त्या खुर्ची ओढून शेफालीच्या टेबलाला अगदी खेटून बसल्या होत्या. वाळल्या होत्या. लुगड्याचा काठ विरला होता. वनिताला पाहून त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागल्या.

वनिता वाकून पाया पडली. पाय मागे घेतले गेले नाहीत, पण वरून शब्दही आला नाही.

डॉक्टर प्रेरणा बाहेर आल्या. "बरं झालं, दोघी आहात. सगुणाबाई, तुमचा मोबाईल द्या. तुमचा नंबर जोडू."

"मोबाईल न्हाई माज्याकडं."

"असं कसं? पुतण्याने, कुमारने, दिलाय ना?"

"दिलाय. पिठाच्या डब्यात ठिवलाय. हाय त्यो नंबर ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर स्वभावाने गरीब, पण आज त्यांना सगळ्या नोंदी पुऱ्या करून पाठवायच्या होत्या. "अहो, तुमच्याच सोयीचं आहे. दर वेळी या ताईंना कामातून उठवायचं, त्यांनी आकडे सांगायचे. आणि खरं म्हणजे तुम्हाला इथवर यायचीही गरज नाही. याच गोळ्या मंगलताई घरपोच देतात. मी तुम्हाला कितीदा म्हटलं."

"तितं आकडं इचारत न्हाईत," सगुणाबाई म्हणाल्या.

कुणाला काही उमगेना. मग शेफाली एकदम ताठ झाली.

"मॅडम, मी टाईप करताना फोन स्पीकरवर टाकते. या दर वेळी अशाच खुर्ची जवळ घेतात. मला वाटायचं, कमी ऐकू येतं यांना."

"मला समदं आयकू येतं," सगुणाबाई तडकून म्हणाल्या. मग आवाज उतरला. "ती इचारती, बऱ्या हाईत का. त्ये बी येतं."

वनिताने बाकाची कड घट्ट धरली. इतके महिने आपण रस्त्याच्या धुरळ्यात उभं राहून कुणासमोर बोलत होतो, हे तिला आत्ता कळत होतं. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

डॉक्टर शेफालीच्या शेजारी बसल्या. "ठीक आहे. तोच नंबर ठेवू. घरच्या माणसाचा नंबर चालतो, फक्त नातं द्यावं लागतं. काय लिहू?"

वनिताच्या मनात आलं, जगन असता तर प्रश्नच नव्हता. आता ती धनाजीची बायको होती, सारोळ्याच्या घरची सून. इथे कुठला शब्द मागायचा तिला हक्क होता?

"सून लिवा," सगुणाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, माजं लगीन झालंय..."

"मला सांगतीस व्हय?" म्हातारीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "सारोळ्याला जाऊन माणूस म्या बघून आले. मग मानसिंगला बोलावणं धाडलं. तुला कळलं असतं तर तू हाललीच नसतीस."

"पन मी निघताना तुमी बघितलं बी न्हाई."

"बघितलं असतं तर जाऊ दिलं नसतं."

डॉक्टरांनी यादीतून शब्द निवडला. सगुणाबाईंनी गोळ्यांची पुडी पिशवीत टाकली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. तिथे थांबून त्यांनी, वनिता मागून येते आहे की नाही, हे पाहिलं.

"शिमग्याला दोगंबी या," त्या म्हणाल्या. "दर म्हयन्याला भोर गाठायला आता गुडगं साथ देत न्हाईत."