ओळखा, पण औषध मागू नका

मनाचे आजार ओळखायच्या प्रशिक्षणाहून परतल्यापासून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची विचारपूस वाढली होती. डोकं दुखतंय, जळजळतंय म्हणत जो पुन्हा पुन्हा यायचा, त्याला त्या आधी झोपेचं विचारायच्या, मग मनाचं.

कोपऱ्यावरचा शिंपी त्यातलाच. पोटाची तक्रार सांगायचा, खाली मानेनं गोळ्या घेऊन जायचा. त्या दिवशी बाईंनी दार लोटून घेतलं आणि शिकवलं होतं तसं सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

शिंपी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "बायको माहेरी जायची वाट बघतोय. तिला ते बघायला लागू नये."

त्याच्याच परवानगीनं बाईंनी बायकोला बोलावून घेतलं, त्याला एकटं सोडू नका म्हणून बजावलं आणि औषध लिहून दिलं. कंपाउंडर हात हलवत परत आला. ते औषध इथे कधी आलंच नव्हतं.

बाई तडक तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांकडे गेल्या. त्यांच्या कचेरीत बाईंचाही प्रशिक्षणातला फोटो भिंतीवर झळकत होता. साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की औषध मोठ्या इस्पितळातच मिळतं, तेही मनोविकारतज्ज्ञानं लिहिलं तर. तिथली तारीख दोन महिन्यांनंतरची. प्रशिक्षण काय, ते नुसतं आजार ओळखण्यापुरतं होतं.

"मग त्याला काय सांगू? दोन महिने दम धर, तोवर मरू नको?"

"बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बाहेर येऊन थेट मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावला. त्याही कामानं पिचलेल्या, पण ऐकून म्हणाल्या, आजच पाठवा, दोन पेशंटांच्या मधे बघते. संध्याकाळी शिंपी औषध घेऊन घरी आला. बायकोनं माहेरचा बेत रद्द केला. गुण यायला वेळ लागला, पण हळूहळू तो झोपू लागला, आणि औषधानं तोंड कोरडं पडतं म्हणून बाईंशी भांडूही लागला. त्या भांडणाचंच बाईंना बरं वाटलं.

साहेबांनी मात्र वरिष्ठांना डावललं म्हणून खुलासा मागवला. वर कडी म्हणजे पुढच्या बैठकीत शिंप्याचीच गोष्ट प्रशिक्षणाचं यश म्हणून रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या.

बाई उभ्या राहिल्या. "साहेब, त्याचं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. आणि तो एकटाच नाही."

हा विषय आज चर्चेला नाही, बसून घ्या, असं साहेब म्हणाले. बाई बसल्या नाहीत. मागच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर खुर्ची सरकवत उठले, "आमच्याकडेही नाही." मग आणखी एक उठली. साहेब पाण्याचा ग्लास शोधू लागले.

औषध यायला त्यानंतरही बरेच दिवस गेले. पण आलं.