विरळ पट्टी

गिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली आणि मग एकदम सगळ्यांना गाव वाचवायचा उमाळा आला. गिरणीच्या जुन्या कँटीनमध्ये सभा भरली. ज्याला जे सुचेल ते त्याने कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचं, असं ठरलं. न्हाव्याने लिहिलं, धुराडं रंगवा, लोक फोटो काढायला येतील. शाळेच्या मास्तरांनी लिहिलं, गोदामात अळंबी लावा. कुणी तळ्यात मासे सोडायला सांगितलं. ज्या तळ्यात वर्षानुवर्षं रंगखात्याचं पाणी सोडलं, त्यात! मासे निळे निघाले असते, एवढाच काय तो फायदा. मी मागच्या बाकावर हसत बसले होते, तेवढ्यात माझी लेक उठली.

तिचं म्हणणं साधं होतं. एक माग चालू करायचा. बाहेरच्यांनी येऊन तो बघावा, गावातल्या मुलींनी विणायला शिकावं, कापड इथेच विकावं. एकाचे दोन, दोनाचे चार माग होतील.

"आणि विणणार कोण?" न्हाव्याने विचारलं.

"माझी आई आहे की."

माझं हसू तिथेच आटोपलं.

बाकीचे कागद एकेक करून गळाले. गोदामाच्या फरशीत इतका रंग मुरला होता की अळंबी काही धरेना. धुराड्यावर चढायला कुणी तयार होईना. लेकीचा कागद टिकला तो भोंग्यामुळे. भोंगा म्हणजे आमच्या खात्यातला माग दुरुस्त करणारा. चालू मागांच्या गोंगाटात आयुष्य गेल्यामुळे घरीही ओरडूनच बोलायचा, म्हणून हे नाव. त्याने भंगारातून एकेक भाग हुडकून पाच महिन्यांत माग उभा केला. फक्त एक खटका त्याच्या मनासारखा बसेना.

लेकीला शहरात पार्सलच्या कचेरीत नोकरी लागली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. मागांसाठी पैसे मंजूर करणारी सरकारी पाहणी समिती यायची होती; तिने होकार दिला तर लेक राहणार होती. नाही दिला तर लेक जाणार, आणि मी दोन खोल्यांत भिंतींशी बोलत बसणार. खरं सांगते, गाव वाचलं काय नि बुडालं काय, मला त्याचं काही नव्हतं. मला ती घरात हवी होती.

समितीचे तिघे आले, दोन पुरुष आणि एक बाई. त्यांना त्याच दिवशी आणखी तीन गावं करायची होती.

"आई, वीस मिनिटं आहेत आपल्याकडे," लेक कानाशी म्हणाली. "काही झालं तरी माग थांबवू नकोस."

"मी कशाला थांबवतेय? डोकं फिरलंय का माझं?"

दांडा ओढला. माग धडधडायला लागला, पायाखालची फरशी थरथरली, धोटा इकडून तिकडे पळायला लागला. अकरा वर्षांनी माझे हात आपसूक जिथल्या तिथे गेले. मला इतकं बरं वाटलं की रडू येईल असं झालं. लेक त्या बाईंच्या कानात ओरडून समजावत होती आणि बाई मान डोलवत होत्या.

मग आडवा धागा तुटला. तुटला की माग तत्क्षणी थांबायला हवा, पण भोंग्याचा तो खटका जरा उशिरा पडला. मी धोट्यात सुताची नवी कांडी घातली, दांड्याला हात लावला आणि कापडाकडे पाहिलं. दोन धागे हुकले होते. आडवी, केसभर विरळ पट्टी पडली होती.

"आई, चालू कर."

"पट्टी पडलीय."

"पडू दे ना! त्यांना दिसत नाहीये."

"मला दिसतेय."

सव्वीस वर्षं मी असलं कापड पुढे सरकू दिलं नव्हतं. मी सुई घेतली आणि उसवायला लागले. काय करतेय ते मला कळत होतं, पण हात थांबेनात. लेकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाबला. मी म्हटलं, दोनच मिनिटं. निदान भोंग्याने तरी मला ओरडावं की नाही? तो शहाणा माझ्या शेजारी वाकला आणि म्हणाला, "डावीकडून घे, तिकडे जास्त विरळ आहे."

आम्ही दोघं धागाधागा मागे गेलो. कड जुळवली, ताण बघितला, दांडा ओढला. कापड आरशासारखं निघालं. मी हसत मान वर केली तर शेडमध्ये लेक एकटीच उभी होती. गाडी फाटकाबाहेर पडली होती.

नऊ दिवसांनी पत्र आलं. लेकीने ते ओट्याशी उभं राहून वाचलं. "प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी माग बंद स्थितीत आढळला." पुढे आभार होते.

भोंगा दारात ऐकत होता. "बंद कुठे होता?" तो म्हणाला. इतक्या हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

जायच्या सकाळी तिने बॅग भरली आणि ते कापड मागितलं. जेमतेम दीड हात भरलं. ती एका शब्दाने मला बोलली नाही. बोलली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. तिने कापड खिडकीपाशी उजेडात धरलं आणि त्यावरून सावकाश बोट फिरवलं, एकदा, मग परत एकदा.

"कुठे होती गं ती पट्टी?"

मी चष्मा लावला. वरून खाली, खालून वर पाहिलं. मला काही ती जागा सापडेना. खाली बस उभी होती.

"इथे," मी म्हटलं आणि कुठेतरी बोट ठेवलं.

तिने तिथेच घडी घातली आणि कापड बॅगेत ठेवलं.