दुसऱ्या फेरीला न आलेले

मतपत्रिकेवर फक्त एक खूण करायची होती, तरी माणसांनी आकडे लिहिले होते. एक, दोन, तीन. सिडनीतल्या गिरावीनच्या कम्युनिटी हॉलमध्ये चित्रामावशीची प्रतिनिधी म्हणून मोजणीला बसलेल्या मयूराला त्याची गंमत वाटली. इथे नागरिकत्व घेऊन वर्षं झालेली ही माणसं. सरकारी निवडणुकीत प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीचा क्रम लिहायची त्यांच्या हाताला सवय लागलेली; तिथे पहिल्या पसंतीचा बाद झाला की मत आपोआप दुसऱ्याकडे जातं. मराठी मंडळाच्या साध्या निवडणुकीतही पेन्सिल हातात आल्याबरोबर त्यांनी तेच केलं.

"हे चालेल?" तिने विचारलं.

"एक जिथे आहे, ते मत," निवडणूक बघणाऱ्या मधुवंतीकाकू म्हणाल्या. "बाकीचं त्यांनी हौसेनं लिहिलंय."

मंडळाच्या इतिहासात अध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच मतदान होत होतं. एरवी एखाद्याला धरून बसवलं जायचं. या वर्षी तिघे उभे राहिले, आणि भांडण होतं शनिवार दुपारचं. कौन्सिलने मंडळाला हॉल आठवड्यातून एकदाच दिला होता. ती दुपार गेली सहा वर्षं चित्रामावशीच्या कट्ट्याची होती. मुलांकडे राहायला आलेले आईवडील तिथे जमायचे, चहा प्यायचे, पत्ते खेळायचे, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. प्रतापदादाला ती दुपार ढोल-ताशा पथकाच्या सरावाला हवी होती. दादाचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. इथे वाढलेली पोरं मंडळाकडे फिरकत नव्हती, ती ढोलासाठी यायला लागली होती. तिसरे मोहनकाका. क्रिकेटवाले. कट्टा राहू द्या म्हणणारे.

प्रतापला एकाहत्तर मतं पडली, चित्राला सहासष्ट, मोहनकाकांना अडतीस. घटनेत एक कलम होतं, कधीच न वापरलेलं. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर पुढच्या रविवारी पहिल्या दोघांमध्ये पुन्हा मतदान.

मोहनकाकांचा गठ्ठा मयूराने स्वतःहून पुन्हा चाळला. त्यातल्या बावीस पत्रिकांवर चित्रामावशीच्या नावापुढे दोनचा आकडा होता. प्रतापदादापुढे दोन लिहिणारे तिघेच. घरी जाऊन तिने लॅपटॉप उघडला आणि तासाभरात चित्रामावशीला तक्ता पाठवला. जिंकण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के.

मावशीचा लगेच फोन. "अगं, हे तुला कसं कळलं?"

"डेटा आहे मावशी. लोकांनी स्वतः लिहून दिलंय."

"बाई बाई. म्हणजे मी आता पेढे आणू?"

"बर्फी आण. मला पेढे आवडत नाहीत."

मावशी हसली. मग म्हणाली, "तरी सगळ्यांना फोन करायला हवेत गं. परत बोलवायला हवं. आणि सुनेत्राआजींना आणि ब्लॅकटाउनच्या त्या दोघींना तूच आण, मागच्या वेळेसारखं. त्यांना ट्रेन जमत नाही."

"आणते ना. नो वरीज."

मयूरा संख्याशास्त्र शिकायला सिडनीला आली तेव्हा पहिले तीन महिने चित्रामावशीच्या घरी राहिली होती. मावशी तिच्या आईची मैत्रीण, पण पहिल्याच आठवड्यात आईच्या वरताण झाली. डबा, हीटर, टॅक्स फाइल नंबर, सगळं तिने बघितलं. आता मयूराला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला होता आणि औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायची नोकरीही. नागरिक नसल्यामुळे या देशात तिला कुठेच मत नव्हतं. मंडळातलं हे एकच होतं. पहिल्या फेरीला तिने त्या पत्रिकेचा फोटो काढून आईला पाठवला होता.

शुक्रवारी संध्याकाळी तनयचा मेसेज आला. तनय तिच्या ऑफिसातला. रविवारी चार-पाच जण डोंगरात कटूम्बाला फिरायला चालले होते, हवा स्वच्छ असणार होती, गाडीत एक जागा होती. मयूरा लगेच हो म्हणाली नाही. तिने तक्ता पुन्हा उघडला. वीस जण कमी आले तर? दोन्हीकडून सारख्याच प्रमाणात कमी होतील. शक्यता एक्क्याण्णववर आली. चाळीस कमी आले तर? अठ्ठ्याऐंशी. मग तिने तनयला अंगठा पाठवला.

रविवारी सकाळी बूट घालता घालता तिने सुनेत्राआजींना फोन केला. पहिल्याच रिंगला आजींनी उचलला.

"आजी, आज तुम्ही नाही आलात तरी चालेल हं. थंडी पण किती आहे."

"का गं? मतदान नाहीये?"

"आहे, पण गरज नाही. मी गणित केलंय. मावशी येतेच निवडून."

"हो?" आजी जरा थांबल्या. "मग त्या दोघींना कळवायचं का?"

"कळवा ना प्लीज."

"बरं. चित्राला सांग, माझं मत तिलाच आहे म्हणावं."

"सांगते," मयूरा म्हणाली. तनयची गाडी खाली येऊन उभी होती.

कटूम्बाला ऊन होतं आणि वारा कापत होता. दरीच्या कडेला उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. दुपारी कॅफेत बसल्यावर फोनला रेंज आली आणि मावशीचे तीन मेसेज एकदम उतरले. कुठे आहेस. गर्दी कमी वाटतेय. आजी आल्या नाहीत अजून.

मयूराने लिहिलं, "कमी गर्दी अपेक्षितच होती मावशी, काळजी करू नकोस. दोन्हीकडचे सारखेच कमी येतात." त्यापुढे तिने एक हसरा चेहरा टाकला. आजींबद्दल काहीच लिहिलं नाही. ते नंतर नीट सांगू असं तिने ठरवलं, आणि गरम स्कोन आल्यावर विसरली.

निकाल तिला परतीच्या वाटेवर गाडीत कळला. प्रताप अडुसष्ट, चित्रा सहासष्ट.

"ऑल गुड?" तनयने आरशातून विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळून बसली. दोन मतं. आजी, ब्लॅकटाउनच्या दोघी आणि ती स्वतः. हे गणित करायला लॅपटॉप लागत नव्हता.

खरं गणित तिला सोमवारी ऑफिसात समजलं, तेही दुसऱ्याच्या कामात. एका चाचणीत तिसऱ्या भेटीला न आलेल्या रुग्णांचा तक्ता तिच्यापुढे होता, आणि सवयीने तिने शेरा लिहायला घेतला: न आलेले रुग्ण हे आलेल्या रुग्णांसारखेच होते असे गृहीत धरता येणार नाही, ते का आले नाहीत हे आधी पाहावे. हे वाक्य ती दर महिन्याला लिहायची. दुसऱ्यांचे अहवाल याच वाक्यावरून परत पाठवायची. तिचे हात की-बोर्डवर तसेच राहिले.

मोहनकाकांना मतं देणारे का आले नाहीत? हे तिने आता, सगळं होऊन गेल्यावर, एकाला विचारलं. क्रिकेट टीममधला वरुण तिच्या ओळखीचा होता.

"पण मी दोन नंबर टाकला होता ना चित्राकाकूला!" वरुण म्हणाला. "म्हणजे माझं मत तिकडे गेलं असेल ना? परत कशाला बोलावत होते, मला कळलंच नाही. वाटलं, फर्स्ट टाइम ज्यांचं चुकलं त्यांच्यासाठी असेल."

"मेसेज वाचला नाहीस?"

"वाचला गं. पण इथे कोण दोनदा व्होट करतं? आणि या वेळी वडापावचा स्टॉलही नव्हता."

फोन ठेवल्यावर मयूराचे कान तापले. ज्याने दोन लिहिला त्याच्या मनातून त्याचं काम झालं होतं. त्याला परत यायचं कारणच नव्हतं. बावीस पत्रिका तिने हातात धरल्या होत्या, मोजल्या होत्या आणि त्यावरून चौऱ्याण्णव टक्के काढले होते. ही माणसं पुन्हा येणार नाहीत, हे त्याच पत्रिकांवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. प्रतापदादा मात्र गुरुवारपासून ढोलवाल्या पोरांना गाड्यांत घालून दारोदार फिरत होता, असं नंतर कळलं. त्याने तक्ता काढला नव्हता.

चूक समजली, पण मावशीला सांगणं झालं नाही. मंगळवारी फोन लावला आणि उचलायच्या आत कापला. बुधवारी मावशीचाच आला.

"माझं हरण्याचं काही नाही गं," मावशी म्हणाली. आवाज बसला होता. "पण ज्यांच्यासाठी उभी राहिले त्याच आल्या नाहीत. सुनेत्राआजींना सहा वर्षं मी स्वतः चहा दिलाय. कमी साखरेचा, वेगळा. तू आणणार होतीस, तरी एक रविवार येववलं नाही त्यांना?"

मयूराकडे त्या वेळी पूर्ण एक वाक्य तयार होतं.

"थंडी होती ना," ती म्हणाली.

"हो. थंडी," मावशी म्हणाली. "तुला तरी यायला मिळालं की नाही? मी गडबडीत बघितलंच नाही."

"उशीर झाला मावशी. ट्रॅफिक होता."

फोन ठेवून ती कितीतरी वेळ स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. चूक रविवारी झाली होती. हे खोटं आजचं, ताजं होतं, आणि ते एका म्हाताऱ्या बाईच्या नावावर जमा झालं होतं.

नव्या अध्यक्षांनी एक शनिवार कट्ट्याला दिला, निरोपाचा. प्रतापदादा स्वतः खुर्च्या लावायला आला. "मावशी, राग धरू नका. सकाळची वेळ मिळते का बघतोय मी," तो म्हणाला. मावशी म्हणाली, "बघ बाबा." सकाळी हॉल योगवाल्यांचा असतो, हे दोघांनाही माहीत होतं.

मयूरा आजींना आणि दोघींना घेऊन आली. आजींनी नवा स्वेटर घातला होता. गाडीत त्या नातवाच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या आणि मयूरा हं हं करत राहिली.

मावशीने सगळ्यांना चहा दिला. आजींच्या हातातही कप दिला, तोच, सगळ्यांसारखा. आजींनी एक घोट घेतला आणि कप जरा दूर धरला.

"चित्रा, साखर घातलीस की गं."

"विसरले," मावशी म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "तुम्ही नाही का विसरलात आजी, रविवारी."

पत्ते वाटणारा हात थांबला. आजींनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं नवल होतं.

"विसरले नव्हते गं. गरज नव्हती ना?" त्या म्हणाल्या. "मयूराने सकाळीच फोन केला. म्हणाली, मी गणित केलंय, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मीच मग या दोघींना कळवलं. तुला सांगायला सांगितलं होतं मी हिला, माझं मत चित्रालाच म्हणून." त्या मयूराकडे वळल्या. "सांगितलं नाहीस का?"

आजी तक्रार करत नव्हत्या. आपण सांगितल्याप्रमाणे वागलो, एवढंच त्या खात्रीने सांगत होत्या. तेच जास्त बोचत होतं.

मयूराने तोंड उघडलं. मॉडेल, गृहीतक, प्रमाण हे शब्द समोर आले आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. "नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी फिरायला गेले होते, मावशी. कटूम्बाला. ट्रॅफिक नव्हता."

प्रतापदादा कोपऱ्यात एक खुर्ची उगाचच उलगडत आणि मिटत राहिला. मावशीने मयूराकडे पाहिलंच नाही. तिने आजींच्या हातातला कप घेतला, आत गेली आणि बऱ्याच वेळाने दुसरा चहा घेऊन आली. कप आजींच्या पुढे ठेवताना तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

"चुकले हं मी, आजी," मावशी म्हणाली. हे मयूराने म्हणायचं होतं. तेही मावशीनेच म्हणून टाकलं.

संध्याकाळी ब्लॅकटाउनच्या दोघींना सोडून मयूरा आजींच्या घरापाशी आली. आजी पट्टा सोडायला धडपडत होत्या. मयूराने हात पुढे केला, पण त्यांनी तो स्वतःच सोडवला.

"मला या देशात कशाबद्दल कोणी विचारत नाही," आजी म्हणाल्या. "जेवायला काय हवं ते विचारतात. ते चांगलंच आहे. पण तुझं मत काय, असं कोणी म्हणत नाही. तेवढं एकदा विचारलं होतं." त्यांनी पर्स मांडीवर घेतली. "तुझा फोन आला तेव्हा मी साडी नेसून, स्वेटर घालून बसले होते. हाच स्वेटर. म्हटलं, जाऊ दे. शिकलेली मुलगी आहे, तिला कळत असेल."

मयूराने स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. "आजी, चुकलं माझं," ती म्हणाली. आवाज इतका लहान निघाला की आजींनी ऐकला की नाही, कळलं नाही.

आजी उतरल्या. दार लावायच्या आधी वाकून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी किती वाजता येशील?"

कट्टा संपला, हे त्यांना अजून कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की त्यांना माहीत असेल.

"आजी, शनिवारी हॉल नाहीये आपल्याला आता," मयूरा म्हणाली. "प्रतापदादाचा ढोल असणार. मावशी दोन मतांनी हरली. मी आणलं असतं तुम्हाला, तर कट्टा राहिला असता."

आजी दाराला धरून उभ्या राहिल्या. मग मान हलवून, एकेक पायरी चढत घरात गेल्या. वरच्या पायरीवर थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

मयूराने गाडी सुरू केली नाही. फोन काढून मावशीचा नंबर लावला. या वेळी रिंग वाजू दिली, कापली नाही. मावशीने उचलला नाही. तिने पुन्हा लावला.