बेगम आज चालणार नाही

हेमचंद्र साठयेने बॉनेटखाली डोकं घातलं, त्याला पंचवीस मिनिटं झाली होती. बाहेर दिसत होती ती फक्त पँट आणि मागच्या खिशातला पाना. मालिनीने कॅमेरा त्या पँटवर रोखला होता.

"अहो, पुरे आता. हा भाग बघायला कोणी फिल्म विकत घेत नाही."

आतली खुडबुड चालूच राहिली.

मलिहाबादच्या आमराईत, दशहरी आंब्याच्या सावलीत, बावन्न सालची हिरवी मोटार उभी होती. तिचे मालक आफ्रिदी साहेब तिला बेगम म्हणत आणि तिच्याशी अदबीने बोलत. त्यांचा मुलगा फ़राज़ दुबईहून चार दिवसांसाठी आला होता आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. मोटार विकून टाकायची, असं त्याने ठरवलं होतं. दिल्लीच्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं, साठयेंची फिल्म पाठवा, मग बोलू.

जुन्या गाड्यांच्या दुनियेत साठयेंच्या फिल्मला एवढी पत होती. हेमचंद्र रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर नवराबायकोने तेलीबागच्या घराच्या मागच्या खोलीत हा धंदा मांडला. कॅमेरा आणि निवेदन मालिनीचं, गाडीची तपासणी त्याची. प्रत्येक फिल्मच्या वेष्टनावर एकच ओळ छापलेली असे: 'गाडी चालत असेल तर चालताना दाखवली आहे, चालत नसेल तर का, ते सांगितलं आहे.' कानपूरच्या एका वकिलाच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजेना, तेव्हा दुसरीकडचा चार सेकंदांचा आवाज जोडायचा नाही म्हणून हेमचंद्र तीन तास उन्हात बसला होता. बॅटऱ्या तो चार घेऊन निघे, चारही भरलेल्या. ऐनवेळी बॅटरी संपली, ही सबब त्याला माणसाच्या चारित्र्यातला दोष वाटे.

"अंकल, बस एक बार स्टार्ट हो जाए," फ़राज़ म्हणाला. "पार्टी सीरियस है. अब्बू भी राज़ी हैं. हैं ना, अब्बू?"

"जैसा तुम मुनासिब समझो, बेटा."

तोंडावर नाही म्हणणं आफ्रिदी साहेबांना अठ्ठ्याहत्तर वर्षांत जमलं नव्हतं. सकाळी मालिनीने, इतक्या उकाड्यात हे काळं जाकीट काढून ठेवता का, असं विचारलं, तेव्हा "ज़रूर, ज़रूर" म्हणत त्यांनी वरचं बटणही लावून घेतलं होतं.

हेमचंद्रने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं आणि त्याचा हात थांबला. एकेका सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा, अंगठ्याएवढा रोटर जागेवर नव्हता. तुटला नव्हता, झिजला नव्हता, नव्हताच. आणि तो जिथे बसतो ती जागा तेलाच्या फडक्याने स्वच्छ पुसलेली होती, आजच.

त्याने मान वर केली. आफ्रिदी साहेब त्याच्याकडेच बघत होते. त्यांचा उजवा हात जाकिटाच्या खिशावर होता, शेजारी पाकीटमार उभा असावा तसा.

"मिला कुछ?" फ़राज़ने विचारलं.

हेमचंद्रने झाकण बसवलं, क्लिपा लावल्या. चिंधीने एकेक बोट पुसलं. दहाही पुसून झाल्यावर पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.

"आज तो नहीं चलेगी," तो म्हणाला.

"आज नहीं, मतलब?"

"मतलब, आज नहीं."

फ़राज़ने तिथूनच दिल्लीला फोन लावला. साठये काय म्हणाले एवढंच पलीकडून विचारलं गेलं असावं, कारण फोन अर्ध्या मिनिटात संपला. त्याने सुटकेस टॅक्सीत टाकली.

"रखिए अपनी बेगम को," तो म्हणाला आणि विमानतळाकडे निघून गेला.

परतताना हेमचंद्र आणि मालिनी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर थांबले.

"निवेदनात काय बोलू?" मालिनीने विचारलं.

"आम्ही गेलो त्या दिवशी गाडी सुरू झाली नाही."

"आणि का, ते?"

हेमचंद्र मातीच्या कुल्हडातल्या चहावर फुंकर मारत राहिला.

"खिशावर ठेवलेल्या हाताचा क्लोजअप आहे माझ्याकडे. सुंदर आलाय."

"लांबी वाढेल."

"सहा मिनिटं तुमची पँट आहे तिच्यात."

एवढ्यात मागून घोगरा हॉर्न वाजला. पाठोपाठ इंजिनाचा आवाज आला, इतका सुरात, की हेमचंद्रने मागे न बघता सिलिंडर मोजले. चारही.

हिरवी मोटार टपरीसमोर येऊन उभी राहिली. आफ्रिदी साहेब उतरले, मागच्या सीटवरून ट्रायपॉड काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"आप भूल आए थे, साठये साहब. मेहमान की चीज़ हमारे यहाँ रह जाए, तो हमें चैन कैसे आए?"

"आपने बड़ी तकलीफ़ की."

"तकलीफ़ तो बेगम ने की है."

त्यांनी इंजिन बंद केलं नव्हतं. संध्याकाळचं ऊन हिरव्या बॉनेटवर तिरपं पडलं होतं आणि बॉनेट मंद थरथरत होतं. असा शॉट आजवर एकाही फिल्ममध्ये मिळाला नव्हता. मालिनीचा हात कॅमेऱ्याच्या बॅगेकडे गेला.

"घेऊ का?"

हेमचंद्रने बॅगेची चेन ओढून लावली.

"बॅटरी संपलीय."

"चारही?"

"चारही," तो म्हणाला, आणि आफ्रिदी साहेबांसाठी चहा सांगायला उठला.