पाय पुसून जा

लग्न झाल्यापासून मी या माणसाला एकच गोष्ट सांगतेय. अहो, पाय पुसून आत या. बाकी काही मागितलं नाही. दागिने नाहीत, सहली नाहीत. दारात पायपुसणं आहे, त्यावर जरा पाय घासा आणि मग या. पण नाही! आमचे हे पोस्टमन. सगळ्या गावची धूळ बुटांना लावून येणार आणि पायपुसण्यावरून अशी लांब ढांग टाकणार, जसं काही तिथे मांजर झोपलंय.

आमची बेकरी आहे. पुढे दुकान, मध्ये भट्टीची खोली, तिच्याच दारात ते पायपुसणं, मागे घर. घरात यायला-जायला दुसरी वाट नाही. पाहुणा असो नाहीतर प्लंबर, सगळे माझ्या पिठाच्या पोत्यांमधूनच जातात. जिथे लोकांच्या तोंडात जायचे पाव बनतात तिथे रस्त्यावरची घाण आणायची म्हणजे काय बोलायचं! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जाते.

तर हे पोस्टाच्या टीममधून बास्केटबॉल खेळतात. तरुणपणापासून. उंची बेताचीच, पण वळतात असे की समोरचा बघतच राहतो, असं म्हणे. मी कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळचे पाव भट्टीत घालायचे सोडून मॅचला कोण जातं?

यंदा मात्र भलतंच सुरू झालं. हे पडायला लागले. पळता पळता वळायला गेले की पाय सटकायचा, की धप्प! टीमचा कोच ऑफिसातलाच एक तरुण साहेब. त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती त्याच्या गळ्यातून निघतच नाही. स्वतःच्या लग्नातही घालून उभा होता. तर या शिट्टीने यांना शेवटी बाजूला घेऊन सांगितलं, "काका, पायांचं वय झालं हो. शनिवारी अग्निशमन दलाबरोबर मॅच आहे. त्यात घसरलात तर जर्सी जमा करा. काउंटरवरचा नवीन क्लार्क तयारच आहे."

झालं. त्या दिवसापासून यांच्या तोंडाला कुलूप. पत्रं वाटताना शीळ घालत फिरणारा माणूस, तो चहासुद्धा गपगुमान प्यायला लागला. गुडघ्यांना तेल काय चोळतील, जिना काय चढतील-उतरतील! लेक रोज विचारायची, "बाबा, बूट त्रास देत नाहीत ना?" तिने पहिल्या पगारातून यांना खेळायचे बूट घेऊन दिले होते. हे म्हणायचे, "छे गं! एक नंबर बूट आहेत. पायच माझे म्हातारे झालेत." जुने बूट ऑफिसच्या कपाटात पडलेले असायचे. हे नवे मात्र इतके लाडाचे की यांनी ते घरी आणले, पोत्यांवरच्या फळीवर ठेवले. घरूनच घालून निघायचे आणि घालूनच परत यायचे.

एकदा मी बोलून गेले, "मग सोडा ना आता. वय काय कुणासाठी थांबतं?" तर यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशीचे निम्मे पाव माझ्याकडून करपले. म्हणून शनिवारी मी दुपारीच दुकान बंद केलं आणि लेकीबरोबर निघाले. घाईत ॲप्रन काढायचाही राहिला.

हॉल चांगला होता, लाकडी जमिनीचा. आम्ही पायऱ्यांवर बसलो. खेळ सुरू होऊन जरा वेळ झाला असेल, तेवढ्यात मी बघते तर काय, आमचे हे एका पायावर उभे! दुसरा पाय उचललाय आणि बुटाचा तळवा पुसतायत. हाताने. उघड्या हाताने!

"अगं बाई!" मी लेकीचा दंड धरला. "हे काय चाललंय?"

"पुसतायत," ती म्हणाली.

"ते दिसतंय मला! हाताने?"

"सगळेच पुसतात गं आई."

आणि खरंच, सगळे पुसत होते. अग्निशमनवाल्यांचा तो ताडमाड कॅप्टनसुद्धा. जरा खेळ थांबला की उचलला पाय, फिरवला हात. आणि मग तोच हात कपाळावरून! लेकीने मला समजावलं. जमिनीवर धूळ असते, ती तळव्याला बसली की रबर जमीन धरत नाही. हात घामाने ओलसर असतो, तो फिरवला की धूळ निघते आणि बूट परत धरायला लागतो. "ऐक ना, चूं चूं आवाज येतोय की नाही? तो आला म्हणजे पकड आहे."

मी ऐकलं कुठे! मी उभी राहिले आणि ओरडले, "अहो! इथे बरे पाय पुसता येतात तुम्हाला! घरी काय होतं?"

अख्खा हॉल हसला. यांनी वर बघितलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि नेमका तेव्हाच चेंडू यांच्याकडे आला. हे वळले, पाय सटकला, धप्प.

कुणीच हसलं नाही मग. शिट्टीने मान हलवली आणि बाकावरच्या त्या क्लार्ककडे बघितलं. क्लार्क उठून हात-पाय झटकायला लागला. हे खालीच बसून होते, गुडघे धरून. मला वाटलं, माझ्याच तोंडामुळे पडले.

हे उठले, पुन्हा तळवा पुसला आणि हात चड्डीला घासला. तेव्हा मला दिसलं. पोस्टाची चड्डी काळी. बाकीच्यांच्या चड्डीवर राखाडी डाग होते. यांच्या चड्डीवर पांढरे पंजे. पांढरेशुभ्र, पाचही बोटं मोजून घ्यावीत असे.

आता मला धूळ कळत नसेल, बास्केटबॉल तर अजिबात कळत नाही, पण पीठ? पीठ मी झोपेत ओळखीन.

मध्यंतराची शिट्टी झाली आणि मी सरळ खाली उतरले. "काकू, काकू! कोर्टवर चपला नाही!" कोच ओरडला. मी चपला काढून चालायला लागले. तरी हॉलचा एक माणूस लांब दांड्याचं फडकं घेऊन माझ्या मागे. मी पाऊल टाकलं की तो पुसणार, पाऊल टाकलं की पुसणार, कारण माझ्या ॲप्रनमधून पीठ झडत होतं. ज्याच्या मागे मी जन्मभर फडकं घेऊन फिरले तो माणूस समोर बाकावर बसून हे बघत होता. एवढ्या दुःखातही त्यांच्या ओठाचा कोपरा हललाच. बघितलं मी.

"पाय द्या इकडे," मी म्हटलं.

"अगं, सगळे बघतायत."

"बघू देत. पाय!"

बुटाच्या तळव्याला नागमोडी खाचा असतात ना, त्या खाचाच नव्हत्या. सगळं गुळगुळीत. मी नख घातलं तर काय निघालं? कणीक! माझ्या भट्टीच्या खोलीतून रोज चालत जायचं, पीठ तळव्याला लागायचं, आणि हे वर घामेजल्या हाताने ते चोळायचे. जितकं पुसायचे तितकं मळलं जायचं. वाळून टणक झालेली माझीच कणीक पायाखाली घेऊन हा माणूस इतके दिवस पळत होता.

"बूट लेकीने दिलेले," हे हळूच म्हणाले. "मला शंका आली होती गं. पण बुटांना नावं कशी ठेवायची?"

ॲप्रनच्या खिशात परात खरवडायची पट्टी असतेच. ती काढली आणि एकेक खाच खरवडून काढली. दोन्ही बूट. लेकीने रुमाल भिजवून आणला, त्याने पुसले. शिट्टी कमरेवर हात ठेवून बघत होता. "काकू, क्लार्कला उतरवायचं ठरलंय," तो म्हणाला.

"ठरलं असेल. यांना एकदा वळू दे, मग काय ते ठरव," मी म्हटलं. पट्टी हातातच होती. तो बरं म्हणाला.

दुसऱ्या डावात मी चेंडूकडे बघितलंच नाही. मी कान लावून बसले. हे धावत आले, समोर तो ताडमाड कॅप्टन, हे डावीकडे झुकले आणि गर्रकन उजवीकडे वळले. चूं! असा आवाज झाला की माझा जीव भांड्यात पडला. कॅप्टन भलतीकडेच गेला आणि चेंडू जाळीत. लोक म्हणायचे ते खरं होतं. मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी हे सोडून पाव भाजत होते!

मॅच हरलो आम्ही. ते अग्निशमनवाले शिडीशिवाय जाळीपर्यंत पोचतात, त्यांना कोण हरवणार! पण हे एकदाही पडले नाहीत. निघताना शिट्टी आला आणि दुसरीकडेच बघत म्हणाला, "काका, सोमवारी प्रॅक्टिस आहे. उशीर नको."

घरी येताना हे म्हणाले, "मला खरंच वाटलं होतं, पाय गेले माझे."

"कुठे जातायत ते? मी जाऊ देईन का?" असं म्हणून मी रडायला लागले. भर रस्त्यात. लेकीने तोच ओला रुमाल पुढे केला. मी तो ढकलून दिला, कारण त्याने काय पुसलं होतं ते मला माहीत होतं.

भट्टीच्या खोलीच्या दारात पोचल्यावर हे पायपुसण्यापाशी थांबले. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा असा की एखादीने लाटणंच उचललं असतं. मी ते पायपुसणं उचललं, झटकलं आणि दाराच्या आतल्या बाजूला टाकलं.

आता हे रोज खेळायला निघताना त्यावर उभे राहतात, मजेत पाय घासतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडतात, "पाय पुसून जातोय गं!" गिऱ्हाईकं हसतात. मी मुकाट्याने पाव मोजते. मग बाहेर दुकानाच्या फरशीवर बुटांचा चूं असा आवाज होतो. एखाद्या दिवशी तो आला नाही, तर मी हातातलं काम टाकते आणि यांना परत बोलावते.